बायकांची बोट

दुपारचे चार वाजले की आयोनियन समुद्रातल्या छोट्या बंदरांत फुकटची करमणूक सुरू होते. ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्याजवळ लेफ्कादा, मेगानिसी, इथाका, केफालोनिया अशी बेटं आहेत. तिथल्या गावांचे धक्के लहान, आणि उन्हाळ्यात दिवसभर समुद्रात उंडारून आलेल्या शिडाच्या बोटी भरमसाट. जागा धरायची पद्धतही नवख्याचा घाम काढणारी. धक्क्यापासून तीन-चार बोटींच्या लांबीवर पुढचा नांगर टाकायचा, साखळी सोडत सोडत बोट उलटी मागे आणायची, दोन्हीकडच्या बोटींना न घासता मधल्या फटीत शिरायचं आणि मागच्या दोन कोपऱ्यांतून दोर धक्क्यावर फेकायचे. बोटीला ब्रेक नसतो. बाजूने वारा आला की तिचं नाक भलतीकडेच वळतं. ज्यांना आधीच जागा मिळालेली असते ती मंडळी टॅव्हर्नात, म्हणजे तिथल्या खानावळीत, पाय पसरून बसतात आणि हा तमाशा मन लावून बघतात.

तमाशातली पात्रं ठरलेली. मागे चाकापाशी नवरा, पुढे नांगरापाशी बायको. इंजिनाच्या आवाजात त्याला तिचं ऐकू जात नाही, तिला त्याचं. ‘साखळी सोड!’ ‘किती?’ ‘सोड म्हणतोय ना!’ भाषा इंग्रजी असो, जर्मन असो की इटालियन, सूर ऐकूनच पुढचं समजतं.

यात गंमत अशी, की चाक फिरवायला ताकद लागतच नाही. गिअर आणि थ्रॉटलचा दांडा दोन बोटांनी हलतो. अंगमेहनतीची कामं सगळी पुढे आणि कडेला: अडकलेला नांगर खेचायचा, ओला जड दोर लांब फेकायचा, शेजारच्या बोटीवर आपटायच्या आत मध्ये फेंडरची उशी घालायची. तरी बहुतेक जोडप्यांत जड काम बाईकडे आणि हलकं काम पुरुषाकडे. कारण साधं आहे. भाड्याच्या बोटीवर ओरखडा गेला तर अनामत रक्कम कापली जाते, शिवाय चारचौघांत हसं होतं. म्हणून अडचणीच्या क्षणी ज्याला जास्त येतं त्याने चाक धरायचं. ज्याने दर वेळी चाक धरलं त्यालाच ते आणखी येत जातं. असं वीस-पंचवीस वर्षं चालतं. बाईचं सगळं आयुष्य बोटीवर जातं आणि बोट धक्क्याला लावायची म्हटली की तिचे हातपाय गळतात.

आमच्या बोटीवर सगळ्या बायकाच होत्या. त्यातली डच बाई अगदी याच गोष्टीसाठी आली होती. सत्तरीला टेकलेली, उंच, कमी बोलणारी. नेदरलँड्समध्ये आयसलमेर नावाचा प्रचंड मोठा जलाशय आहे, पूर्वी तो समुद्राचाच भाग होता; तिथे तिची आणि तिच्या नवऱ्याची स्वतःची बोट. नवरा दीड वर्षापूर्वी गेला. मुलांचं म्हणणं, बोट विकून टाक. ही म्हणाली, थांबा. हवामान तिला कळत होतं, नकाशा ती झोपेतही वाचेल, इंजिनाचं तेल आणि फिल्टर तीच बदलायची. ‘फक्त बंदरात शिरताना मी पुढे जायचे,’ ती म्हणाली. ‘का, ते आम्ही दोघांनी कधी ठरवलं नव्हतं.’

बायकांच्या बोटीची सहल ही कल्पना युरोपात नवी नाही. शीडनौकानयन शिकवणाऱ्या ब्रिटनमधल्या शाळा फक्त स्त्रियांसाठी आठवडे ठेवतात, ग्रीसमध्ये आणि क्रोएशियात त्याच धर्तीवर सुट्ट्या निघतात. आराखडा सगळीकडे साधारण सारखा. चाळीस फुटांच्या आतबाहेरची बोट, तीन केबिन, पाच-सहा जणी आणि एक पगारी स्किपर, म्हणजे कप्तान. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा अभ्यासक्रम पुरा करून प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर घेता येतं. नुसतं पोहायचं, खायचं आणि वारा अंगावर घ्यायचा असेल तर तेही चालतं. आमच्यात दोन्ही प्रकारच्या होत्या. स्किपरबाई साठीकडे झुकलेली इंग्लिश बाई, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायची. तिच्याखेरीज ती डच बाई, ग्लासगोची एक सुईण, वेल्समधली निवृत्त बँक अधिकारी, मूळची मुंबईतल्या वेसाव्याची आणि आता इंग्लंडमध्ये रेडिंगला औषधांच्या दुकानात काम करणारी फार्मासिस्ट, आणि ही लेखिका.

पहिल्या संध्याकाळी लेफ्कादावरच्या निद्रीच्या धक्क्यावर स्किपरबाईंनी नियम सांगितले. गॅस वापरून झाला की सिलिंडरपाशी बंद करायचा. संडासात कागद टाकायचा नाही. जे आधी खाल्लेलं नाही असं काहीही संडासाच्या पंपातून जाता कामा नये. एक हात स्वतःसाठी, एक हात बोटीसाठी. आणि शेवटचा: दुसरीच्या हातातला दोर काढून घ्यायचा नाही. तिला जमत नसेल तर तोंडाने सांगा, तिने विचारलं तर दाखवा, पण काढून घेऊ नका. हा नियम मला आधी जरा शाळकरी वाटला. आठवडाभर जे काही घडलं ते मात्र बरंचसं याच नियमामुळे घडलं.

इथाकाच्या ईशान्येला किओनी नावाचं गाव आहे. खाडीच्या तोंडाशी पडक्या पवनचक्क्या, आत डोंगरउतारावर घरं, आणि धक्का एवढासा. त्या दिवशी चाक डच बाईकडे होतं. आम्ही आत वळलो तेव्हा टॅव्हर्ना भरलेल्या होत्या. बोटीवर पुरुष दिसत नाही हे ध्यानात आलं आणि तीन-चार गृहस्थ खुर्च्या सोडून उठले. एकजण डावीकडे हात करत होता, एकजण उजवीकडे. तिसऱ्याने शेजारच्या बोटीवरूनच आमच्या कठड्याला हात घातला. वाईट माणसं नव्हती ती. मदत करायला आली होती. स्किपरबाई मागच्या बाकावर स्वतःचे तळहात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. खरोखर, शब्दशः. हात मोकळे राहिले तर ते आपोआप चाकाकडे जातात, म्हणून त्यांनी स्वतःला लावून घेतलेली ही सवय. त्यांनी त्या गृहस्थांना हसून एवढंच सांगितलं, ‘आभारी आहोत, आमची शिकवणी चालू आहे. दोर आला तर कड्यातून ओवून परत द्या, ओढू मात्र नका.’ ओढला तर बोट तिरकी होते आणि चाकावरच्या माणसाची सगळी गणितं कोसळतात.

वाऱ्याने नाक ढकललं. डच बाई गप्प. तिने गिअर पुढे घातला, सरळ बाहेर आली, नांगर उचलायला लावला आणि सगळं पुन्हा सुरू केलं. धक्क्यावर कुजबूज झाली. या वेळी तिने वाऱ्याच्या बाजूला मुद्दाम जास्त जागा सोडली, रिव्हर्समध्ये वेग थोडा वाढवला, कारण पाणी सुकाण्याच्या पात्यावरून वाहिल्याशिवाय सुकाणू ऐकत नाही, आणि शेवटच्या दोन मीटरांत क्षणभर पुढचा गिअर घालून बोट जागच्या जागी थांबवली. सुईणीने एक दोर फेकला, वेसावकरणीने दुसरा. इंजिन बंद झालं. डच बाई दोन मिनिटं चाकाला धरून उभीच होती. मग म्हणाली, ‘विकायची नाही.’ एवढंच.

बायकांनी बायकांबरोबर हिंडण्याची आपल्याला नवलाई नाही. चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ ला धावली आणि तिच्या डब्यांत भाजी निवडण्यापासून डोहाळजेवणापर्यंत सगळं झालं. महाराष्ट्रातल्या सहल कंपन्यांच्या फक्त महिलांच्या सहलींमुळे तर कितीतरी आज्या आणि माम्या पहिल्यांदा विमानात बसल्या. त्या सहलींचं सुख सेवेचं असतं: बॅग दुसरं कुणी उचलतं, खोलीची किल्ली हातात येते, नाश्त्याला पोहे सुद्धा मिळतात. जन्मभर दुसऱ्यांचं केलेल्या बाईला आठवडाभर कुणीतरी तिचं करणं हे मोठंच सुख आहे, त्याला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. पण बोटीवरचं सुख दुसऱ्या जातीचं. इथे सगळं स्वतःच करायचं. चहाची पाळी, भांड्यांची पाळी, चाकाची पाळी, संडास धुण्याची पाळी. फरक एवढाच, की कुठलंही काम कुणाच्या नावाने जन्मतःच लिहिलेलं नसतं. पुरुष आहे म्हणून नकाशा त्याच्याकडे आणि बाई आहे म्हणून कांदा तिच्याकडे, ही वाटणी करायला कुणी शिल्लकच राहत नाही. मग वेल्सची बँकवाली, जिला स्वयंपाकाचा मनस्वी कंटाळा, ती आठवडाभर इंजिनाच्या कप्प्यात डोकं घालून बसते, आणि सुईण हौसेने वांगी भाजते.

ताकदीचा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतो. शीड मोठं, वारा भरला की त्याचा दोर हाताने धरवत नाही, हे खरं. त्यासाठी विंच असतो. धातूचं जाडजूड पिंप, त्याला दोराचे तीन वेढे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घालायचे, वर दांडा बसवायचा आणि फिरवायचं. आतले दाते आणि दांड्याची लांबी मिळून जोर कित्येक पट वाढवतात. पन्नास किलोची बाई त्यावर शीड ताणून बसवते. मात्र वेढे घालताना बोटं कुठे आहेत याकडे लक्ष हवं, आणि ताणलेला दोर सोडताना तळहात वेढ्यांवर सपाट ठेवून थोडाथोडा सरकू द्यायचा. वेसावकरीण पहिल्या दिवशी दांडा दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन फिरवत होती. दुसऱ्या दिवशी स्किपरबाईंनी तिला नुसतं वाऱ्याकडे बघायला सांगितलं: बोट वळताना शीड क्षणभर सैल पडतं, तेवढ्यात दोर हाताने ओढून घे, विंचला फारसं काम उरत नाही. त्यानंतर ती एका हाताने दोर ओढायची आणि दुसऱ्या हाताने बिस्कीट खायची.

तिची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आम्हा सहाजणींत समुद्र तिच्याच घरचा होता. तिचे वडील वेसाव्याचे, मच्छीमार, घरची बोट. मासळी किनाऱ्याला लागली की पुढचा सगळा कारभार आईचा. भाव ठरवणं, पाटी भरणं, बाजारात बसणं, पैशांचा हिशेब, उधारी. आईच्या शब्दापुढे घरात कुणाचं काही चालायचं नाही. पण बोट सुटायची तेव्हा तिच्यावर बाई नसायची. ‘नारळी पौर्णिमेला बोट सजवायचे, तेव्हा आम्ही मुली नटूनथटून चढायचो. खाडीत एक चक्कर, गाणी, फोटो. झाली वर्षाची दर्यावर्दी,’ ती म्हणाली. नांगर, शीड, डोलकाठी, सुकाणू हे शब्द तिच्या कानावर लहानपणापासूनचे. त्या वस्तू हाताळायला मात्र वयाची सत्तेचाळिशी आणि ग्रीस लागलं.

आणि तरी काहीतरी तिच्यात मुरलेलं होतं. पाण्यावर गडद पट्टा सरकत येताना दिसला की ‘वारा आला बघ’ हे ती सगळ्यांच्या आधी सांगायची. कालामोस बेटाच्या आडोशाला तिने वडिलांना व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा फिरवून शीड, चाक, विंच सगळं दाखवलं. म्हाताऱ्याने शांतपणे पाहिलं. पहिला प्रश्न: ‘इंजिन किती हॉर्सपॉवरचं?’ दुसरा: ‘तिकडे मासळी काय लागते?’ फोन ठेवताना त्याने बजावलं, वारा पडला तर सरळ इंजिन लाव, उगाच शहाणपणा करू नकोस. लेकीचं डोळ्यात पाणी येण्याइतकं हसून झालं. शाबासकी नव्हती, आश्चर्यही नव्हतं. एका खलाशाने दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं होतं.

या भागात वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं, म्हणूनच नवशिक्यांना इथे आणतात. उन्हाळ्यात वायव्येचा वारा, इथले लोक त्याला माइस्त्रो म्हणतात, दुपारी उठतो आणि सूर्य कलला की पडतो. भरती-ओहोटीचा फरक काही सेंटिमीटरांचा. मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार-पाच मीटर वरखाली होताना पाहिलेल्या माणसाला तो जाणवतही नाही. त्यामुळे सकाळ आळसात जाते. पाणी इतकं नितळ, की नांगर तळाच्या वाळूत रुतलाय की नुसता पडलाय हे वरून दिसतं, आणि ते पाहायला चष्मा लावून पोहत जाणं ही सकाळची पहिली ड्यूटी. मग पाव, मध, कॉफी. मग भांडण: आज कुठे जायचं.

बारानंतर वारा येतो. शिडं चढतात, इंजिन बंद होतं. त्या क्षणाबद्दल शिडाच्या बोटीवर गेलेला प्रत्येक माणूस बोलतो आणि तरी ऐकणाऱ्याला त्यातलं काही पोचत नाही. इंजिनाची घरघर थांबते, आणि बोट थांबायच्या ऐवजी जोर धरते. पाच-सहा नॉट, म्हणजे ताशी नऊ ते अकरा किलोमीटर. जमिनीवर सायकलचा वेग. पण बोट एका कुशीवर कलते, खालच्या बाजूचा कठडा पाण्याजवळ येतो, स्वयंपाकघरात न बांधलेली प्रत्येक वस्तू जागा बदलते. नवी माणसं इथे घाबरतात. मीही कठडा घट्ट धरला होता. स्किपरबाईंनी तेव्हा सगळ्यांना समजावलं, की बोटीच्या पोटाखाली जड कणा असतो, दोन-तीन टनांचा. वारा जितकी तिला आडवी करायला बघतो तितका तो कणा तिला परत उभी करायला बघतो. शिवाय ती जितकी कलते तितका वारा शिडावरून निसटतो. हे ऐकून भीती गेली असं नाही. पण भीतीला काहीतरी काम मिळालं. आम्ही कलण्याचा कोन मोजायला लागलो. शीड कमी करावं का असा विचार मनात आला की तीच ते कमी करायची वेळ, हा आणखी एक धडा. पुरुषांच्या बोटीवर हा विचार बोलून दाखवायला लाज वाटते, असं सुईण म्हणाली. ती पूर्वी मिश्र क्लबात शर्यती खेळलेली. आमच्याकडे तो कुणीही बोलून दाखवायचं, आणि एकदा तर कारण नसताना आम्ही शीड आवळून कासवासारखे चाललो. चालायचंच.

इथाका आणि केफालोनियाच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात हाच वारा बोगद्यात शिरल्यासारखा जोरात वाहतो. तिथून फिस्कार्दो गाठलं. १९५३ च्या ऑगस्टमधल्या भूकंपांत केफालोनियातली बहुतेक गावं जमीनदोस्त झाली, फिस्कार्दो वाचलं. म्हणून व्हेनिसच्या अमदानीतल्या वळणाची रंगीत घरं इथे अजून दिसतात. संध्याकाळी टॅव्हर्नात शाकाहारी काय म्हणून विचारलं तर मालकाने फावा आणून ठेवली. पिवळ्या वाटाण्याची डाळ घोटून, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. वेसावकरणीने चमचा तोंडात घातला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘अगं, पिठलं!’ त्यानंतर प्रत्येक बंदरात आमचा पहिला प्रश्न फावा आहे का, हाच असायचा.

फिस्कार्दोहून लेफ्कादावरच्या सिवोताला जाताना डावीकडे त्या बेटाचं दक्षिण टोक दिसतं: पांढरे कडे, वर दीपस्तंभ. प्रेमभंगाने कवयित्री सॅफोने याच कड्यावरून उडी घेतली अशी दंतकथा. इथाका म्हणजे ग्रीक महाकाव्यातल्या पेनेलोपीचं घर. नवरा वीस वर्षं आधी युद्धात, मग समुद्रावर भटकतोय आणि ही घरी बसून दिवसा विणते, रात्री उसवते. उत्तरेला, ज्या प्रेवेझाच्या विमानतळावर आम्ही उतरलो, तो आक्शियमजवळच आहे. इसवी सनापूर्वी ३१ मध्ये तिथल्या नाविक युद्धात क्लिओपात्रा आपली साठ जहाजं घेऊन शत्रूच्या फळीतून बाहेर पडली आणि इजिप्तकडे निघून गेली. इतिहास जिंकणाऱ्यांनी लिहिला, म्हणून तिला पळपुटी म्हणतात. शिडाचा वारा साधून साठ जहाजं फळीतून पार काढणं हे डेकवर बसून ऐकताना आम्हाला तरी कौशल्याचं वाटलं. बँकवालीचं मत, या तिघींत धंदा समजणारी तीच.

अलीकडच्या काळात यायचं तर ट्रेसी एडवर्ड्सचं नाव घ्यायलाच हवं. शाळेतून काढून टाकलेली ही ब्रिटिश मुलगी ग्रीसमध्येच चार्टर बोटींवर वाढप्याचं, साफसफाईचं काम करत शिडाच्या जगात शिरली. १९८५-८६ च्या व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यतीत तिला जागा मिळाली ती स्वयंपाकीण म्हणून. मग तिने स्वतःच जुनी बोट घेतली, दुरुस्त केली, नाव ठेवलं ‘मेडन’, जॉर्डनच्या राजे हुसेन यांच्या मदतीने पैसा उभा केला आणि १९८९ मध्ये बारा स्त्रियांचा ताफा घेऊन साउदॅम्प्टनहून निघाली. ब्रिटिश पत्रकारितेतल्या एका जाणकाराने त्या ॲल्युमिनियमच्या बोटीची ‘पत्र्याच्या डब्यातल्या उठवळ बायका’ अशा अर्थाची संभावना केली. ‘मेडन’ने आपल्या गटात दोन टप्पे जिंकले, शेवटी दुसरा क्रमांक मिळवला. त्यानंतर त्याच बोटीने २०२३-२४ ची ओशन ग्लोब शर्यत सगळ्या स्त्री-खलाशांसह जिंकली. त्या खलाशांत आपल्या नौदलात अधिकारी राहिलेली पायल गुप्ता होती.

पायलचं नाव आपल्याकडे आधी आलं ते ‘तारिणी’मुळे. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली ही ५५ फुटी नौका. दिलीप दोंदे ज्या ‘म्हादेई’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय झाले, तीही याच गोदीतली. १० सप्टेंबर २०१७ ला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशीच्या नेतृत्वाखाली सहाजणी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला जगाला वळसा घालून परतल्या. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच ती पुन्हा जगाभोवती नेली. हे सगळं बोटीवर सांगताना मला भारी अभिमान वाटत होता, हे कबूल. फक्त पॅसिफिकच्या दक्षिणेतली वादळं आणि आमची फावा यांची बरोबरी कुणी करू नये. आम्ही सुट्टीवर होतो.

सुट्टीचं म्हणून जे खास सुख असतं ते रात्री जास्त कळलं. कास्तोस बेटाच्या खाडीत नांगर टाकून होतो. रात्री दोनच्या सुमाराला उकडायला लागलं म्हणून डेकवर आले तर बँकवाली आधीच पाठीवर पसरलेली, आणि पाच मिनिटांत सुईणही वर आली. तिघींचंही कारण एकच: पाळी जाण्याच्या वयातल्या गरम वाफा. सुईणीने तिथल्या तिथे अर्धा तास शिकवणी घेतली, मोकळ्या शब्दांत, मध्येच खो-खो हसत. घरी हा विषय आपण किती हळू आवाजात काढतो. इथे आवाज कमी करायचं कारण नव्हतं. केबिनमध्ये होत्या त्या झोपलेल्या डच बाई, वेसावकरीण आणि स्किपर, आणि स्किपरचं घोरणं आमच्यापेक्षा मोठं होतं. कपड्यांचंही तसंच. दुसऱ्या दिवसानंतर कुणी पोट आत ओढून बसत नव्हतं. केस मिठाने ताठ, नखांत वंगण, पायांवर निळे वळ. आरसा होता संडासाच्या दाराला, तोही धुरकट.

सगळं गोडगोड होतं असं मात्र नाही. बायकांच्या बोटीवर चर्चा फार होते. कुठे थांबायचं यावर एकदा इतकं लोकशाही पद्धतीने बोलणं चाललं, की बोलेबोलेतो चांगल्या खाडीतल्या जागा भरून गेल्या. दोर काढून घेणाऱ्या बायकाही असतात. बँकवालीचा हात दोनदा चाकाकडे गेला आणि दोन्ही वेळा तिला आठवण करून द्यावी लागली. डच बाईला तर ‘फक्त बायकांसाठी’ हा प्रकारच पसंत नव्हता. ‘मला पुरुषांचा त्रास नव्हता. माझा नवरा मी विचारलं असतं तर आनंदाने शिकवायला बसला असता,’ ती म्हणाली. मग का नाही विचारलंस, असं वेसावकरणीने विचारलं. तिने खांदे उडवले. ‘त्याला इतकं छान यायचं.’ यावर काय बोलणार? आणि ही सुट्टी स्वस्त नाही, हेही सांगून टाकते. वेसाव्याच्या बाजारात बसणाऱ्या कोळणीला ती परवडण्याचा प्रश्नच येत नाही. समुद्रावर बाईने जाण्याचा मान आज बराचसा नौदलाच्या गणवेशाला किंवा पौंड-युरोच्या पगाराला मिळतो. मुंबईत गेटवेच्या परिसरातल्या क्लबांमध्ये ऑक्टोबर ते मे शिडाच्या बोटी चालतात, मुली आता शर्यती खेळतात, जिंकतात. पण आठवडाभर राहून, खाऊन-पिऊन, चुकत-माकत चाळिशी-पन्नाशीतल्या बाईने शिकावं अशी सोय कोकण किनाऱ्यावर सहज हाताशी नाही. जयगड, दाभोळ, देवगडसारख्या खाड्या असताना असू नये, याचं वाईट वाटतं.

एवढं वाचूनही जायचं असेलच तर थोडं कामाचं. मे-जून किंवा सप्टेंबर धरा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही असह्य. शेंगेन व्हिसा लागतो, त्याची तयारी काही महिने आधी. पोहता यायला हवं, पोटात ढवळत असेल तर गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची, नंतर घेऊन फारसा उपयोग होत नाही. खर्चाचा गल्ला पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून जमवायचा, त्यातून पाव, डिझेल आणि धक्क्याचं भाडं. मेगानिसीला वगैरे काही टॅव्हर्नांची स्वतःची जेटी असते, तिथे भाडं नसतं पण जेवण त्यांच्याकडेच, आणि ते चांगलं असतं. बूट पांढऱ्या किंवा फिक्या तळव्याचे, डेकवर काळे डाग पाडणारे नकोत. बॅग मऊ कापडाची, घडी होणारी. चाकांची सूटकेस आणलीत तर सबंध आठवडा तिच्याशेजारी झोपावं लागेल. आणि मोबाइलला या बेटांमध्ये बहुतेक ठिकाणी व्यवस्थित रेंज असते, पण हे घरी सांगण्याची काही गरज नाही.